जुन्नरचीं दानपत्रें आणि आमचा वारसाहक्क

मनुष्य जिवंत असेपर्यंत आपल्या मिळकतीचें काय करावें हें त्याचें तो ठरवितो. परंतु डोळे मिटल्यानंतर ती कोणाच्या हातीं जावी, तिचा विनियोग कसा व्हावा, आणि आपण सांगून ठेविलेलें मागचे लोक पाळतील कीं नाहीं, ह्या गोष्टी त्याच्या सत्तेबाहेरच्या असतात. ह्या असमर्थतेंतूनच वारसाचे नियम, दत्तविधान, मृत्युपत्रें, देवस्थानें व विश्वस्तनिधि हीं सर्व निर्माण झालीं. आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत ह्या विषयाचा विचार बहुधा फार उशिरां होतो. घरांतील कर्ता पुरुष जातो, तेरावा दिवस उरकतो, आणि मग कपाटांतले कागद बाहेर निघाले म्हणजे भावाभावांस प्रथमच कळतें कीं, ज्याला आपण आपलें घर म्हणत होतों त्याविषयींचा कायदा आपणांस ठाऊक नाहीं.

हा कायदा कलमवार समजावून देण्याचा आमचा हेतु नाहीं. तें काम वकिलांचें. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगांव हे जे दोन शेजारचे तालुके आहेत, त्यांच्या डोंगरांत, गांवांत व कचेऱ्यांत ह्याच प्रश्नाचीं दोन हजार वर्षांतलीं निरनिराळीं उत्तरें पाहावयास सांपडतात. तीं एकापुढें एक ठेवून पाहिलीं असतां आमच्या ध्यानांत असें येतें कीं, मिळकत कोणाच्या नांवें जाते ह्याच गोष्टीकडे आम्ही सर्व लक्ष देतों. ती कशासाठीं जाते, आणि घेणाऱ्यानें कोणाला जाब द्यावयाचा, हें विचारीतच नाहीं. जुन्नरच्या प्राचीन दात्यांनीं हे दोन प्रश्न आधीं विचारले होते. ही गोष्ट वाचकांपुढें मांडण्यासाठीं हा लेख आहे.

जुन्नर शहराच्या भोंवतालीं शिवनेरी, लेण्याद्रि, तुळजा व मानमोडी ह्या डोंगरांत मिळून पावणेदोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. एकाच गांवाच्या आसपास इतकीं लेणीं क्वचितच कोठें असतील. कोंकणांतून नाणेघाट चढून येणारा व्यापारी मार्ग येथें देशावर उतरत असे, आणि त्या मार्गावरील पैशांतून हीं लेणीं झालीं. त्यांत ब्राह्मी लिपींतील तिसांहून अधिक लेख आहेत. बहुतेक लेख एकदोन ओळींचेच. परंतु दाते पाहावे तर नाना प्रकारचे. लेण्याद्रीवरील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त ह्यानें दिलें. यवन म्हणविणाऱ्या इरिल, चिट व चंद ह्यांनीं टांकीं, भोजनमंडप व गर्भद्वार दिलें. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिलें. मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपान ह्याचा अमात्य, वत्सगोत्री अयम, ह्यानें वर्ष ४६ मध्यें मंडप व टांकें दिल्याचा लेख आहे. हें वर्ष शकाचें धरिलें तर इसवी सन १२४ येतें.

हीं दानें एकदां केलीं कीं झालीं, अशा जातीचीं आहेत. खडक कोरला, टांकें खोदलें, दात्याचें काम संपलें. परंतु कांहीं दाते ह्याहून पुढें गेलेले दिसतात. आडुथुम नांवाचा एक शक उपासक आपल्या लेखांत वडालिका गांवचीं वीस निवर्तनें शेत करंजाच्या झाडांसाठीं व कटपुतक येथील नऊ निवर्तनें वडाच्या झाडांसाठीं देतो, आणि त्यांत कोणाचिक नांवाच्या श्रेणीचा उल्लेख येतो. दुसऱ्या एका लेखांत बांबूचें काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दरमहा पावणेदोन व कांसारांच्या श्रेणीकडे दरमहा पाव अशी रकमेची योजना आहे. म्हणजे येथें दान एका दिवसाचें राहत नाहीं. मूळ ठेव कायम, तिचें उत्पन्न दरमहा चालू, आणि तें पोंचविण्याची जबाबदारी धंदेवाल्यांच्या संघावर, अशी ही व्यवस्था आहे.

जुन्नरचे लेख इतके त्रोटक आहेत कीं, व्यवहाराचें पूर्ण स्वरूप त्यांवरून उलगडत नाहीं. तें पाहण्यासाठीं त्याच काळांतील नाशिकच्या लेण्याकडे वळलें पाहिजे. तेथें नहपानाचा जांवई उषवदात ह्यानें वर्ष ४२ मध्यें तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे न संपणारी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे ठेविली. दोन हजारांस दरमहा शेंकडा एक व एक हजारास दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याजच तेवढें भोगावयाचें, असें लेखांत स्पष्ट आहे. दोन हजारांच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावे अशी योजना आहे. वाचकांनीं हिशेब करून पाहावा: दरमहा वीस, वर्षाचे दोनशें चाळीस, आणि वीस भिक्षु बारा कार्षापणांप्रमाणें तेवढेच होतात. एक कार्षापणहि वर उरत नाहीं कीं कमी पडत नाहीं. शिवाय ही सर्व व्यवस्था नगराच्या निगमसभेंत ऐकविली आणि तेथील रीतीप्रमाणें फलकावर नोंदविली, असेंहि त्यांत सांगितलें आहे.

आजच्या वकिलास विश्वस्तपत्रांत जें जें लागतें तें सर्व ह्या लेखांत आहे. देणारा आहे, घेणारा आहे, मधला सांभाळणारा आहे; रक्कम, दर व हेतु ठरलेला आहे; आणि चार लोकांसमक्ष केलेली नोंद आहे. ह्यांत विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, राजाच्या जांवयानेंसुद्धां हें काम आपल्या मुलाबाळांवर सोंपविलें नाहीं. त्याचें कारण लेखांत दिलेलें नाहीं. पण आमच्या मतें तें शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. कुटुंब वाढतें, विभागतें, कधीं निर्वंश होतें. श्रेणींतील एक कारागीर गेला तर त्याच्या जागीं दुसरा येतो, आणि संघ चालू राहतो. श्रेणीनें करार मोडला तर तिला जाब विचारण्याची सोयहि शास्त्रांत होती. याज्ञवल्क्यस्मृतींत संघांच्या करारभंगाविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे.

तथापि ह्या व्यवस्थेला अक्षय म्हटलें तरी ती अक्षय ठरली नाहीं. मार्ग बदलले, व्यापार ओसरला, श्रेण्या मोडल्या, भिक्षुसंघ निघून गेला. आडुथुमाचीं करंजाचीं झाडें कोठें होतीं हें आज कोणी दाखवूं शकत नाहीं. लेण्याद्रीवरील जें लेणें भिक्षूंच्या निवासासाठीं कोरलें होतें, त्यांत आज गिरिजात्मज गणपति आहे, आणि अष्टविनायकांची यात्रा करणारे हजारों लोक त्या पायऱ्या चढतात. दात्याचा दगड राहिला, त्याची इच्छा राहिली नाहीं.

आतां कुटुंबाकडे वळूं. जुन्नरहून नाणेघाटाकडे गेलें असतां घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राजकुलाचा मोठा लेख आहे. त्यांत यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण ह्यांची लांबलचक यादी आहे. हा लेख राणी नागनिकेशीं जोडलेला आहे. ती सातकर्णीची राणी, एका महारठीची मुलगी आणि राजपुत्रांची आई. त्याच लेण्यांत राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति एका ओळींत होत्या. आज त्यांचे पाय व वरील नांवें तेवढीं उरलीं आहेत. त्या नांवांत सिमुक सातवाहनानंतर सातकर्णि व देवी नायनिका ह्यांचा एकत्र उल्लेख आहे, कुमारांचीं नांवें आहेत, आणि एका महारठीचेंहि आहे. राज्याच्या वारशाचा तो दगडी वंशवृक्षच होय. पतीच्या मागें घराण्याचें नांव, मुलें व दानधर्म सांभाळणारी स्त्री आमच्या इतिहासाच्या अगदीं आरंभीं, ह्याच तालुक्याच्या कडेवर, उभी आहे. पुढें तिच्या लेकींच्या वांट्यास काय आलें तें पाहण्यासाठीं ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

धर्मशास्त्रांत मृत्युपत्र असा प्रकार नव्हता. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. तिच्या मतें मुलाला वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. जें जन्मानेंच मुलाचें झालें तें बापानें मरतांना दुसऱ्यास देण्याचा प्रश्नच उरत नाहीं. पुणें प्रांतांत मिताक्षरेबरोबर नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूखहि मानला जात असे, आणि बहिणीसारख्या स्त्रियांच्या बाबतींत मुंबई इलाख्याची परंपरा इतर प्रांतांहून उदार होती. पण मूळ चौकट पुरुषांच्या एकत्र कुटुंबाचीच. जुन्नर शहरांत ह्याच्या शेजारीं दुसरा एक कायदा नांदत होता. मलिक अहमदानें १४९० सालीं निजामशाहीची स्थापना येथेंच केली, आणि त्या काळापासून येथें मुसलमान वस्ती मोठी आहे. मुसलमानी कायद्यांत मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा खरा, परंतु तो प्रथमपासून ठरलेला. आणि वारसांच्या संमतीवांचून मृत्युपत्रानें एकतृतीयांशाहून अधिक मिळकत देतां येत नाहीं. मरणाऱ्याचा हात कोठपर्यंत पोंचूं द्यावा, ह्याचा विचार दोन्ही शास्त्रांनीं आपापल्या परीनें केलेला होता.

मराठेशाहींत ह्या प्रश्नाला निराळेंच रूप आलें. शेताहूनहि ज्याची ओढ अधिक तें वतन. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, जोशीपण हीं सर्व गांवाच्या अथवा परगण्याच्या सेवेसाठीं दिलेलीं. सेवा हा हेतु, वतन हें तिचें वेतन. परंतु तें वंशपरंपरेनें चालूं लागल्यावर भाऊबंदांत त्याच्या तक्षिमा पडल्या, वडीलकीचा मान कोणाचा ह्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे लागले, आणि गोतसभेपुढें महजर होऊं लागले. त्या महजरांवर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या निशाण्या करीत, आणि सर्व गोताच्या साक्षीनें निवाडा होई. साक्षीची ही पद्धति उषवदाताच्या निगमसभेचीच पुढची पिढी म्हणावयास हरकत नाहीं. फरक एवढाच कीं, तेथें सभेनें ऐकिलें तें दान कशासाठीं आहे. येथें गोत ऐकत होतें तें वतन कोणाचें आहे.

हेतु विसरून हक्क उरला म्हणजे काय होतें ह्याचें उत्तम उदाहरण जुन्नर तालुक्यांतच घडलें. जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाचें जुन्नर भागांत चांगलें बळ होतें. ओतूर गांवचे बाळाजी कुसाजी पाटील ह्यांनीं १८८४ सालीं आपल्या घरचें लग्नकार्य ब्राह्मण पुरोहितावांचून, सत्यशोधक पद्धतीनें केलें. गांवच्या वतनदार जोश्यांनीं फिर्याद केली. त्यांचें म्हणणें असें कीं, ग्रामजोशीपण हें आमचें वडिलोपार्जित वतन. गांवांतील लग्नकार्य करण्याचा हक्क आमचा. आम्हांस बोलाविलें नाहीं तरी दक्षिणेचें नुकसान भरून मिळालें पाहिजे. आजच्या वाचकास हें म्हणणें विचित्र वाटेल. पण त्या काळीं तें तसें नव्हतें. वतनदार जोश्याला टाळून दुसऱ्या भटजीकडून कार्य करविणाऱ्या यजमानाकडून दक्षिणेची भरपाई मागतां येते, हें न्यायालयांनीं त्यापूर्वीं मान्य केलेलें होतें. घर, शेत, विहीर ह्यांसारखीच यजमानाच्या घरची दक्षिणा ही वारशाची वस्तु मानली जात होती.

हा दावा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथें निकाल जोश्यांच्या विरुद्ध झाला. १८९० सालच्या निकालसंग्रहांत तो छापलेला आहे. यजमानानें पुरोहितावांचूनच कार्य केलें, तर ज्या सेवेची गरजच त्याला नाहीं तिचें वेतन त्यानें कां द्यावें, हा त्यांतील गाभा. पुढें १९२६ सालीं मुंबई कायदेमंडळानें स्वतंत्र कायदा करून, न बोलाविलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरील हक्क रद्द केला. ओतूरच्या दाव्याकडे बहुतेक लोक ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचें एक प्रकरण म्हणून पाहतात, आणि तें तसें आहेच. परंतु वारसाच्या इतिहासांतहि त्याला मोठें स्थान आहे असें आम्हांस वाटतें. पूर्वजांनीं लावून दिलेली व्यवस्था जिवंत माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर कोठपर्यंत चालावी, हा प्रश्न एका खेड्यांतील शेतकऱ्यानें न्यायासनापुढें उभा केला, आणि त्याचें उत्तर मिळविलें.

त्याच सुमारास शहरांतून मृत्युपत्राची पद्धति रूढ होत होती. इंग्रजी न्यायालयांनीं हिंदूंचीं मृत्युपत्रें मान्य केलीं, आणि १८७० सालीं त्याविषयीं पहिला कायदा झाला. परंतु तो मुंबई शहर व बंगाल ह्यांसारख्या प्रदेशांपुरता होता; जुन्नरसारख्या मुलखांत तोंडी मृत्युपत्रहि चालूं शकत असे. १ जानेवारी १९२७ पासून मात्र सर्वच हिंदु मृत्युपत्रांस लेख, सही व दोन साक्षीदार आवश्यक झाले. ह्या नव्या साधनाचा हात किती लांब असावा तें कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोर ह्यांच्या प्रकरणांत ठरलें. मुलानें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळें त्याला वगळून, अजून जन्मालाहि न आलेल्या पुरुषवंशजांपर्यंत त्यांनीं मिळकत बांधून टाकिली. १८७२ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें सांगितलें कीं, शास्त्राला ठाऊक नसलेला नवा वारसाक्रम कोणालाहि आपल्या इच्छेनें निर्माण करतां येणार नाहीं.

ह्याच्या उलट दुसरें मृत्युपत्र पाहावें. ज्या जोतीराव फुल्यांचे अनुयायी ओतुरास लढत होते, त्यांनींच १८८७ सालीं आपलें मृत्युपत्र केलें. एका ब्राह्मण विधवेच्या पोटीं जन्मलेल्या यशवंताला त्यांनीं व सावित्रीबाईंनीं दत्तक घेतलें होतें. त्याला त्यांनीं वारस केलें. तो लायक न निघाल्यास शूद्र मानलेल्या जातींतील लायक मुलाकडे मिळकत जावी, अशीहि तजवीज त्यांत होती. रक्ताच्या नात्यापेक्षां लायकी व हेतु ह्यांना येथें वरचें स्थान दिलें आहे. एकाच शस्त्रानें एका बापानें मुलाला त्याच्या मताबद्दल शिक्षा केली, तर दुसऱ्यानें जातीनें परक्या मुलाला घर दिलें. मृत्युपत्र चांगलें कीं वाईट, ह्या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाहीं.

ह्या सर्व व्यवस्थांत लेकीचें काय झालें? वतनाच्या बाबतींत १८८६ सालच्या मुंबई कायद्यानें असें ठरविलें कीं, शेवटच्या मालकाची विधवा खेरीज करून वतनदार कुटुंबांतील कोणत्याहि स्त्रीचा, आणि स्त्रीच्या द्वारें हक्क सांगणाराचा, क्रम घराण्यांतील सर्व पुरुषांच्या मागून लागावा. म्हणजे मयूखाच्या परंपरेनें जो थोडाबहुत उदारपणा दाखविला होता, तोहि वतनापुरता काढून घेतला. १९३७ सालच्या कायद्यानें विधवेला पतीच्या हिश्श्यांत हयातीपुरता हक्क मिळाला. स्वातंत्र्यानंतर १ मे १९५१ पासून परगणा व कुळकर्णी वतनें गेलीं, आणि १९६२ सालच्या कायद्यानें मुलकी पाटीलकीहि गेली. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलगी बापाच्या हिश्श्याची वारस झाली. पण एकत्र कुटुंबांतील जन्मसिद्ध सहहिस्सेदारी तिला मिळाली नाहीं. शिवाय त्याच कायद्यानें बापाला आपला अविभक्त हिस्साहि मृत्युपत्रानें देण्याची मुभा दिली, आणि तिचा उपयोग कित्येक ठिकाणीं लेकीला वगळण्याकडेच झाला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, तोंवर लग्न न झालेल्या मुलींना सहहिस्सेदार केलें; २००५ सालीं सर्व देशांत व सर्व मुलींना तो हक्क आला; आणि त्या दिवशीं बाप हयात नसला तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निःसंशय सांगितलें.

कायदा येथवर आला. घर आलें काय? बापाच्या मागें वारसाची नोंद करावयाची वेळ आली कीं बहिणींस बोलावणें जातें. हक्कसोडपत्र तयार असतें. भाऊ गोड बोलतो, भावजय जेवूं घालते, साडीचोळी होते, आणि बहीण सही करते. ती सही जुलुमानें घेतलेली नसते, आणि मनापासून केलेलीहि नसते. माहेरचा उंबरा आपल्याला बंद होऊं नये एवढीच तिची किंमत असते. कायद्यानें दिलेला हिस्सा आणि माहेर ह्यांपैकीं एक निवड, असें तिला सांगणें हा आमच्या सुशिक्षित घरांचाहि दोष आहे, आणि तो शेतकऱ्यांच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं.

आंबेगांव तालुक्यांत ही गोष्ट अधिक तीव्र होते. तालुक्याला ज्याचें नांव, तें मूळ आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. जमीन पाण्याखालीं जाते तेव्हां मोबदला व पर्यायी जमीन सातबाऱ्यावरील नांवाला मिळते. ज्या शेतांत बहिणीनें खुरपणी केली आणि आईनें जन्म काढला, तें शेत बुडालें कीं त्यांचा त्यावरील वहिवाटीचा पुरावाहि बुडतो. उरतो तो कागद, आणि कागदावर नांव नसेल तर कांहींच उरत नाहीं. शिवाय ह्या दोन्ही तालुक्यांचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग महादेव कोळी, ठाकर ह्या आदिवासींचा आहे. अनुसूचित जमातींना १९५६ चा वारसा कायदा त्याच्या दुसऱ्याच कलमानें लागू होत नाहीं. तेथें रूढि चालते. छत्तीसगडांतील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यांत २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें कीं, स्त्रीला हिस्सा नाहीं अशी रूढि सिद्ध झालेली नसतां तिला केवळ स्त्री म्हणून वगळणें समतेच्या विरुद्ध आहे. ह्याचा अर्थ एवढाच कीं, एकाच तालुक्यांत पूर्वेकडील बागाईत गांवांतील लेकीला जन्मानें जो हक्क मिळतो, तो डोंगरांतील लेकीला अजून दावा लढून मिळवावा लागेल. नाणेघाटांतील राणीचा लेख ज्या सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, त्याच सह्याद्रीच्या कुशींतील ही स्थिति आहे.

मग ह्या सर्वांतून घ्यावयाचें तें काय? मृत्युपत्र करावें कीं करूं नये, असें आम्हांस कित्येक जण विचारतात. आमचें उत्तर असें कीं, करावें. पण करतांना उषवदाताच्या लेखाची आठवण ठेवावी. पहिली गोष्ट, नुसत्या नांवांची वांटणी न करितां हेतु लिहावा: विधवा पत्नीनें राहत्या घरांत कोणाच्या मेहेरबानीवांचून राहावें, अमक्या नातीचें शिक्षण ह्या रकमेच्या व्याजांतून व्हावें. दुसरी गोष्ट, हिशेब करावा. आपल्या इच्छेचा खर्च आपल्या ठेवीच्या उत्पन्नांत बसतो कीं नाहीं, हें दोनशें चाळीस कार्षापणांप्रमाणें जमवून पाहावें. न बसणारी इच्छा मागच्यांवर कर्जासारखी पडते. तिसरी गोष्ट, जी आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे हें सर्व जिवंतपणीं संबंधितांस ऐकवावें. दोन साक्षीदारांनीं कायद्याचें समाधान होईल, नोंदणीनें पुरावा बळकट होईल. पण ज्या मुलांनीं व मुलींनीं तें पाळावयाचें, त्यांनीं तें प्रथम बापाच्या तोंडून ऐकिलें तर त्यांतील निम्मे तंटे उगवणारच नाहींत. प्राचीनांनीं दान निगमसभेंत ऐकविलें. आम्ही मृत्युपत्र कुलुपांत ठेवितों.

आणि इतकें करूनहि आपली इच्छा अक्षय राहील असा भ्रम कोणी बाळगूं नये. ही गोष्ट कायद्यानेंहि ओळखली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यांत अशी सोय आहे कीं, निधीचा मूळ हेतु पार पाडणें अशक्य झालें तर न्यायालयानें त्याला जवळचा असा दुसरा हेतु ठरवून द्यावा. धर्मशाळा ओस पडली तर तिचा पैसा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास जाऊं शकतो. ह्यांत दात्याचा अपमान नाहीं. त्याच्या इच्छेचा जो भाग जगण्याजोगा होता, तो जगविण्याचा हा प्रयत्न आहे. ओतूरच्या निकालांत जें नाकारलें गेलें तें वारशाचें तत्त्व नव्हे. सेवेवांचून वेतन मागणारा, हेतु गमावलेला हक्क तेवढा नाकारला गेला.

जुन्नरच्या डोंगरांत दात्यांनीं खोदलेल्या टांक्यांपैकीं कित्येकांत पावसाचें पाणी आजहि सांचतें. ज्यांच्यासाठीं तीं खोदलीं ते भिक्षु गेले, ज्यांनीं खोदविलीं त्यांचीं घराणीं कोणतीं हें कोणास ठाऊक नाहीं. यवनांचे वारस कोण, शकांचे कोण, हा प्रश्नहि कोणी विचारीत नाहीं. परंतु तहानेल्या वाटसरूला पाणी ही गरज बदललेली नाहीं, म्हणून तें दान अजून चालू आहे. आमच्या घरांतील मिळकतीचा विचार करतांना, आपल्या मागें कोणाचें नांव लागावें ह्याबरोबरच कोणाची कोणती गरज भागावी, आणि त्यांत आपल्या लेकीहि आहेत कीं नाहींत, एवढें जरी प्रत्येक कर्त्या पुरुषानें व कर्त्या स्त्रीनें हयातींत मोकळेपणानें सांगितलें, तरी कपाटांतले कागद बाहेर काढण्याचा तो दिवस कुटुंब फोडणारा ठरणार नाहीं.